नागपुरात राहून वाळवंटातल्या बाईक रॅलीची तयारी: सुरुवात कुठून करावी?

मिहानकर
नमस्कार मंडळी. वय ३४, नोकरी मिहानात, राहायला मनीषनगर. गाडी हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही, साधं मॉडेल, शोरूममधून आली तशीच आहे. रामटेक, चिखलदरा, काटोलकडचे कच्चे रस्ते इतपत फिरून झालंय. आता डोक्यात किडा शिरलाय तो राजस्थानातल्या वाळूचा. हिवाळ्यात जैसलमेर-बिकानेरकडे क्रॉस कंट्री रॅल्या होतात, त्यात हौशी गटात एकदा तरी उतरायचंय. नंबर नको. शेवटच्या टाइम कंट्रोलपर्यंत (वेळ नोंदवायची चौकी) स्वतःच्या चाकांवर पोचलो तरी भरून पावलो.

अडचण अशी की आपल्याकडे काळी माती आहे, मुरूम आहे, कोळसा आहे, मँगनीज आहे, वाळवंट तेवढं नाही. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भंजाळलंय. कोणी म्हणतं आधी गाडी बदल, कोणी म्हणतं आधी बूट घे, कोणी म्हणतं लग्न झालंय ना, मग विसर. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. सराव कुठे करू? हीच गाडी चालेल का? कागदपत्रं काय लागतात? बजेट गाडी सोडून दीड लाख, तेही वर्षभरात जमेल तसं.

इतवारीचा_पोट्टा
काऊन बे भाऊ, नवतप्यात नागपूर कमी पडून राह्यलं का तुले? मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीवर उभी केलेली गाडी चारला जाऊन चालू कर, रॅलीचा पहिला टप्पा, म्हणजे स्टेज, तिथंच पूर्ण.
विषय भारी आहे पण. वाचून राह्यलो.

कन्हानकाठ
वाळू हवी असेल तर कन्हान. उन्हाळ्यात पात्र बरंच उघडं पडतं, माथनीच्या पुलावरून गाडी नेताना दिसतंच. पण वाटेल त्या घाटावर घुसू नको. लिलाव झालेल्या रेतीघाटावर टिप्परची ये-जा असते, आणि तिथली माणसं अनोळखी गाडी दिसली की आधी संशय घेतात, मग बोलतात. शिवाय जिथे पोकलेनने उपसा झालाय तिथे वरून सपाट दिसणाऱ्या वाळूखाली पाणी भरलेला खड्डा असतो. पुढचं चाक त्यात गेलं की हँडल हातात राहत नाही. म्हणून काठी घेऊन आधी पायी चालून यायचं, मगच गाडी खाली उतरवायची. गावात सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला सांगून ठेवायचं. आणि पात्रातल्या टरबुजाच्या वाड्यांपासून लांब राहायचं, ती लोकांची वर्षाची कमाई असते.

कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या तलावांत मात्र कृपा करून जाऊ नका. फोटोत अगदी अरबस्तान वाटतं. वरचा थर वाळलेला, खाली गाळ, आणि ती राख सरळ छातीत जाते. उमरेडकडचे कोळसाखाणीचे मातीचे ढिगारेसुद्धा खाणीच्या हद्दीत येतात, तिथे शिरायचं नाही. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याचा तर विषयच नको. वन्यजीव कायदा १९७२ चा असला तरी गाडी आजची जप्त होते.

हिमालयवेडा
एक्सपल्सची ताकद १९ पीएसच्या आसपास. वाळूत इंजिन रडतं राव. हिमालयन ४५० घ्या, टॉर्क आहे, निवांत चढते. डाकार या जगप्रसिद्ध वाळवंटी रॅलीच्या गाड्यासुद्धा ४५० सीसीच्याच असतात, उगाच नाही.

थार_रिटर्न
@हिमालयवेडा, डाकारमध्ये २०११ पासून ४५० सीसीची मर्यादा आहे हे खरं, पण त्या गाड्या जन्मापासून रॅलीसाठीच बनलेल्या असतात. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. एक्सपल्स १५९ च्या आसपास. हा फरक सकाळी शून्य वाटतो. दुपारी अकराव्यांदा गाडी आडवी झाली, खाली वाळू घसरतेय, आजूबाजूला चिटपाखरू नाही, तेव्हा तो सदतीस किलोचा फरक पाठीला समजतो. तगड्या रायडरच्या हातात हिमालयन वाळूत छान चालते, मी पाहिलंय. नवख्याला नको.

@मिहानकर, गाडी आहे तीच ठेव. हीरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी रॅली किट काढलं होतं, पुढे प्रो मॉडेल आलं. त्यात पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास (वर-खाली हलायची जागा) १९० ऐवजी २५० मिमी, मागचा १७० ऐवजी २२०. ऐकायला भारी, पण सीटची उंची ८२५ वरून ८९१ मिमीवर जाते. वाळूत थांबल्यावर पाय टेकला नाही की माणूस पडतो, उंची किती तुझी?

मिहानकर
पाच फूट पाच. बुटांसकट.

थार_रिटर्न
मग किटचं नाव एक वर्ष काढू नको. साध्या सस्पेन्शनवर ज्या वेगाला गाडी आपटायला लागते, त्याच्या अलीकडेच तू सध्या राहायला हवंस.

आता वाळूबद्दल. कन्हानची वाळू जाड, खाली ओल, चाकाला थोडी पकड देते. थारची वाऱ्याने चाळलेली, बारीक, कोरडी. पण अंगाला जे शिकायचं असतं ते कन्हानमध्ये शिकता येतं. उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, वजन जरा मागे, हात सैल. पुढचं चाक डावी-उजवीकडे डुलत राहणार, डुलू द्यायचं. नवखा माणूस काय करतो, डुललं की घाबरून थ्रॉटल सोडतो. थ्रॉटल सोडला की वजन पुढे येतं, पुढचं चाक रुततं आणि गाडी त्याच्यावरून कोलांटी खायला बघते. म्हणजे जिथे भीती वाटते तिथेच थोडा जास्त द्यायचा. हे वाचून पटतं, मनगटाला पटायला वेळ लागतो. पुढचा ब्रेक वाळूत विसरलास तरी चालेल.

मागचं चाक रुतलं की रेस देत बसायचं नाही. क्लच प्लेट जळतात आणि चाक आणखी खाली जातं, एक्सलपर्यंत. इंजिन बंद कर, गाडी सरळ आडवी पाड. चाक खड्ड्यातून वर येतं. पायाने खड्डा बुजव, गाडी उभी कर, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच शेजारून चालत बाहेर काढ. याचा सराव घराजवळच कर, मुद्दाम रुतवून. रॅलीत माणसं दमतात ती चालवून नाही, उपसून.

टेकाडांचं वेगळं. वाऱ्याच्या बाजूचा उतार लांब आणि घट्ट असतो, पलीकडचा एकदम खडा आणि भुसभुशीत. खालून पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून वेग तळाशी घ्यायचा, माथ्यावर नाही. माथ्यावर जवळजवळ थांबण्याइतका कमी, आधी पलीकडे नजर, मग चाक. सकाळी सावल्यांमुळे टेकाडाचा आकार कळतो. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सगळं एकरंगी होतं आणि दोन फुटांचा खड्डासुद्धा दिसत नाही. मोठे अपघात तेव्हाच होतात. ही टेकाडं कन्हानमध्ये मिळणार नाहीत, त्यासाठी रॅलीच्या काही दिवस आधी तिकडे जाऊनच सराव करावा लागेल. तिकडेही डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी घालायची नाही, तो माळढोकाचा मुलूख आहे, आणि सीमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही.

इतवारीचा_पोट्टा
मुद्दाम रुतवून काढायची! हे आमच्या गल्लीत पावसाळ्यात महानगरपालिका फुकटात शिकवते.

कायद्याचा_कीस
कागदपत्रांचं मी सांगतो, कारण यावर कोणी व्हिडिओ बनवत नाही.

अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं स्पर्धक लायसन्स लागतं. ही देशातल्या मोटरस्पोर्टची शिखर संघटना, १९७१ ची, मुख्यालय चेन्नईत. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र त्यात येतंच. प्रत्येक रॅलीचे स्वतःचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स निघतात, ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. कोणता गट, गाडीत कोणते बदल चालतात, हेल्मेट कोणत्या दर्जाचं, सगळं तिथे असतं. रॅलीतला काही भाग सार्वजनिक रस्त्यावरून जातो, म्हणून आरसी, विमा, पीयूसी, नंबरप्लेट जागच्या जागी हवं. आरशांशिवाय आणि नंबरप्लेट वाकवून फिरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता कडू भाग. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. म्हणजे स्पर्धेत गाडी मोडली तर खर्च तुझा. आरोग्य विम्यात जे प्रमाणित वगळलेले मुद्दे असतात त्यातला एक साहसी खेळांचा आहे, मोटर रेसिंगचं नाव घेऊन. पण तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला लागू आहे. तू हौशी, म्हणून वाचशील असं गृहीत धरू नको. कंपनीला ईमेल कर, लेखी उत्तर घे, आणि आयोजक जो अपघात विमा देतात त्याची रक्कम तपास. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात.

आणि सराव म्हणून आउटर रिंग रोडवर मित्रांशी शर्यत लावलीस तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच.

मंजिरी_रामदासपेठ
मी गाडी चालवत नाही, नवरा चालवतो. "घरच्यांना काय सांगायचं" हे धागाकर्त्याने विचारलं नाही, पण "लग्न झालंय ना, मग विसर" हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

मी बातम्या वाचते. २०२० च्या डाकारमध्ये हीरोच्या संघाकडून धावणारे पाउलो गोन्साल्विस गेले. २०२१ मध्ये त्याच संघाचे भारतीय रायडर सी. एस. संतोष यांना डोक्याला मार लागून कोमात ठेवावं लागलं. आणि हे दोघे जगातल्या चांगल्या रायडर्सपैकी. तेव्हा "हौशी गटात काही होत नाही" हे वाक्य घरी बोलू नका, आमचा विश्वास उडतो. आमच्याकडे वाद झाला, अबोला झाला, मग ठरलं असं: अंगावरचं सामान आधी, गाडीवरचं नंतर. हेल्मेट, नेक ब्रेस (मानेचं कवच), छातीचं आर्मर, गुडघे, बूट हे पूर्ण होईपर्यंत एकही ॲक्सेसरी नाही. टर्म इन्शुरन्सचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते मला माहीत. आणि स्टेज संपल्यावर आधी मला फोन, मग चहा. तो यातलं शेवटचं विसरतो.

मिहानकर
मंजिरीताई, हा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, "या बाईंचा नंबर मिळेल का?" मी घाबरलोय.

कायद्याचा_कीस, ऑफिसच्या पॉलिसीबद्दल ईमेल टाकला आहे.

अण्णा_गॅरेज
बुटात कंजुषी नको. मोटोक्रॉसचे बरे बूट १५ हजारांपासून पुढे, वर मर्यादा नाही. ट्रेकिंगचे बूट घालून आलेला पोरगा गाडी पायावर पडून घोटा मोडून गेलेला पाहिलाय.

आता गाडी. वाळू इंजिनाला मारते ती एअर फिल्टरमधून. कागदी फिल्टर काढा, धुता येणारा फोमचा लावा. फिल्टरचं तेल लावताना नुसतं वरून ओतायचं नाही. पातळ पिशवीत फोम आणि तेल घालून कणीक मळल्यागत मळायचं, सगळीकडे सारखा रंग आला पाहिजे, जादा तेल दाबून काढायचं, पिळायचं नाही, फोम फाटतो. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात. मग पहिल्या सरावानंतर फिल्टर काढून एअरबॉक्सच्या आतल्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला कचकच लागली तर वाळू आत चाललीय, बसवणं चुकलंय. तशीच पळवली तर रिंगा आणि सिलेंडर जातात, निळा धूर दिसेपर्यंत कळत नाही.

चेनला घरचं चिकट तेल चोपडू नका. वाळू चिकटते आणि स्प्रॉकेट घासून काढते. वॅक्सवाला कोरडा स्प्रे, नाहीतर वाळूत सरळ कोरडी ठेवा आणि संध्याकाळी साफ करा.

टायरची हवा कमी केल्याशिवाय वाळूत मजा नाही. ट्यूबवाली गाडी आहे, रिम लॉक (टायर रिमला धरून ठेवणारा) नसेल तर १८ पीएसआयच्या खाली जाऊ नका. टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. क्लच केबल, ब्रेक आणि क्लच लिव्हर, ट्यूब, हे स्पेअर अंगावर किंवा गाडीवर पाहिजेच, आणि ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे. रस्त्याकडेला नाही, वाळूत, जिथे खाली ठेवलेला नट परत दिसत नाही. गोणपाट सोबत ठेवा अंथरायला.

डॉक_धंतोली
वर कोणीतरी नवतप्याचा विनोद केलाय, पण खरंच बरेच जण मे महिन्यात भर दुपारी सराव करतात, "अंगाला सवय होईल" म्हणून. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि उन्हापासून लांब राहिलं की काही आठवड्यांत ती सवय जातेही. मेमध्ये भाजून घेतलेलं डिसेंबरमध्ये उपयोगी पडत नाही. सराव सकाळी नऊच्या आत संपवा.

उलट थारच्या हिवाळ्यात फसगत वेगळी. पहाटे कडाक्याची थंडी, तहान लागत नाही, माणूस पाणी पीत नाही. अकरानंतर आर्मरच्या आत घामाच्या धारा, पण कोरड्या हवेत घाम दिसत नाही. पाठीवर पाण्याची पिशवी हवी, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, नुसतं पाणी नको, ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, "थोडं घट्ट" करून नाही. डोकं दुखणं, मळमळ, ऊन असून अंगावर काटा येणं, यापैकी काही झालं तर थांबायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजा. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि ताबडतोब वैद्यकीय मदत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

तेंदूपत्ता
सगळे गाडी आणि वाळूवर बोलताहेत. नवखे हरतात ते रस्ता चुकून.

क्रॉस कंट्री रॅलीत रस्ता दाखवायला गुगल नसतो, रोडबुक असतं. हँडलवरच्या डब्यात कागदाची गुंडाळी, बटणाने पुढे सरकवायची. प्रत्येक ओळीत एकूण अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर, वळणाचं छोटं चित्र, होकायंत्राची दिशा आणि सूचना. धोक्यासाठी उद्गारचिन्हं: एक म्हणजे सांभाळ, दोन म्हणजे खरंच सांभाळ, तीन म्हणजे वेग मोडून काढ. हे सगळं उभं राहून, धुळीत, एका नजरेत वाचायचं. वाळूत मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून अंतर मोजणारा सेन्सर पुढच्या चाकाला लावतात. तरी फरक पडतोच, तो ओळखीच्या खुणेवर येऊन दुरुस्त करत जायचा. गावातून जाताना वेगमर्यादा असते, ती मोडली की दंड वेळेत लागतो.

याला वाळवंट लागत नाही. मी कळमेश्वर ते काटोलमधल्या पांदण रस्त्यांचं रोडबुक स्वतः बनवतो. नमुना:

१२.४० | १.१५ | पिंपळाचा पार, डावीकडे बैलगाडीची वाट
१३.०५ | ०.६५ | संत्र्याच्या बागेचं कुंपण संपतं, सरळ
१३.३० | ०.२५ | नाला, उतार खडा !!

मित्राने बनवलेलं आपण चालवायचं, आपलं त्याने. स्वतः बनवलेलं पाठ होऊन जातं, उपयोग नाही. आणि आधी एखादी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली कर. त्यात वेग नसतो, ठरलेल्या सरासरीने ठरलेल्या वेळेला पोचायचं असतं. लवकर पोचलं तरी दंड. टाइम कंट्रोल, वेळेचं कार्ड, स्क्रूटिनी (गाडीची तपासणी), मार्शल हे सगळं कमी खर्चात अंगवळणी पडतं.

थार_रिटर्न
तेंदूपत्ता +१. पुढे धुळीचा लोट दिसला की त्याच्या मागे जायचा मोह होतो. तो लोट चुकलेल्या माणसाचाही असतो. अशी चार-पाच जणांची वरात उलट दिशेला जाताना मी पाहिलीय, प्रत्येकाला वाटत होतं पुढच्याला माहीत आहे.

पैशांचं सांगतो. दीड लाखात सामान, टायर, फिल्टर, स्पेअर बसवता येईल, जरा घासाघीस करून. एंट्री फी, गाडी नेण्या-आणण्याचा खर्च आणि राहणं धरलं तर बजेट फाटेल. गाडी रेल्वे पार्सलने पाठवता येते, टाकी पूर्ण रिकामी करून, पॅकिंग करून, आरसीची प्रत देऊन. तिथे पोचायला उशीर होऊ शकतो, म्हणून आधीच्या आठवड्यात पाठव. दोघं-तिघं मिळून पिकअप करणं जास्त सुखाचं. प्रशिक्षण हवं असेल तर संतोष यांनी कोलारजवळ सुरू केलेलं बिगरॉक आहे. डाकार पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, २०१५ साली, ३६वे आले. तिथे दोन-तीन दिवस घातलेले दोन वर्षांच्या व्हिडिओंपेक्षा बरे.

हिमालयवेडा
बरं बाबा, एक्सपल्स तर एक्सपल्स. हरिथ नोआ २०२४ च्या डाकारमध्ये रॅली २ गटात (अव्वल गटाच्या खालचा) पहिला आला, एकूण अकरावा, तोसुद्धा केरळचा. तिथे कुठे वाळवंट आहे म्हणा.

मिहानकर
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं. यंदाच्या हिवाळ्यात रॅली नाही, फक्त एक टीएसडी आणि बिगरॉक. पुढच्या हिवाळ्यात राजस्थान. बूट आणि नेक ब्रेस या महिन्यात, किट नाही. फिल्टर अण्णांच्या पद्धतीने मळला, किचनमधली पिशवी वापरल्याबद्दल बोलणी खाल्ली.

येत्या रविवारी कन्हान. कन्हानकाठ यांनी गावात बोलून ठेवलंय. सकाळी साडेपाचला ऑटोमोटिव्ह चौकात भेटू, नऊच्या आत परत. कोण कोण येतंय?

तेंदूपत्ता
मी येतो. रोडबुक करून आणतो, चौकापासून नदीपर्यंतचं. मोबाइल खिशात ठेवायचे.

इतवारीचा_पोट्टा
म्या येतो, पण स्प्लेंडर आहे. काठावर बसून कोण किती वेळा पडलं ते मोजीन. परत येताना तर्री पोहे हारणाऱ्याकडून.

अण्णा_गॅरेज
हवा कमी केली की डांबरावर परत यायच्या आधी भरावी लागते. पंप कोण आणतंय?

कन्हानकाठ
पंप माझ्याकडे आहे. प्रेशर गेज कोणीतरी चांगला आणा, माझा तीन पीएसआय जास्त दाखवतो.